साइनएच, कॉसएच, टॅनएच: गणिताच्या लायब्ररीत हायपरबोलिक फंक्शन्स कशी लिहावीत

साइनएचची व्याख्या सगळ्यांना पाठ असते: ई^क्ष मधून ई^(−क्ष) वजा करा, दोनाने भागा. ती एका ओळीत कोडमध्ये उतरवा आणि क्ष = १०^(−१०) देऊन बघा. उत्तर यायला हवं १ × १०^(−१०). येतं १.०००००००८२७ × १०^(−१०). डबलमध्ये (संगणकात अपूर्णांक साठवायच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या प्रकारात) पंधरा-सोळा आकडे मिळायला हवेत, त्यातले निम्मेच हाती लागले. क्ष = १०^(−१७) दिलंत तर सरळ शून्य. क्ष = ७१० दिलंत तर अनंत, आणि खरं उत्तर मात्र १.११६९९७ × १०^३०८, जे डबलमध्ये आरामात मावतं.

मी एका छोट्या गणिती लायब्ररीची देखभाल करतो. ज्या चिप्ससोबत धड लायब्ररी येत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. त्यामुळे "सूत्र तर बरोबर आहे, मग उत्तर का चुकतं?" हा प्रश्न माझ्याकडे नेमाने येतो. सूत्र बरोबरच असतं. पण ते वास्तव संख्यांसाठी लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे वास्तव संख्या नसतात, ५३ बिटांची मोजपट्टी असते.

ती मोजपट्टी जवळून बघू, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. १ च्या लगेच वर डबलच्या दोन शेजारी संख्यांमधलं अंतर २^(−५२) असतं. १०^(−१०) या अंतरात मोजलं तर ४५०३५९.९६ पावलं होतात. अर्धंमुर्धं पाऊल टाकता येत नाही, म्हणून ई^क्ष ४५०३६० पावलांवर जाऊन बसतं. १ च्या खाली पावलं निम्म्या लांबीची आहेत. तिथे ९००७१९.९३ पावलं हवीत, मिळतात ९००७२०. दोन्हीकडची चूक १ पासून दूर जाणारी, त्यामुळे वजाबाकीत ती कटत नाही, बेरीज होते. एक्सपोनेन्शियल फंक्शन कितीही उत्तम लिहिलेलं असो, ही चूक टळत नाही, कारण ती उत्तर साठवतानाच होते. ते मोठे १ वजा होऊन गेले की मागे उरतो तो मुख्यतः हा गाळ.

म्हणून माझा सल्ला असा: साइनएच लिहायला बसू नका. आधी दोन मदतनीस फंक्शन्स पक्की करा. ई^क्ष − १ थेट देणारं एक्स्पएमवन, आणि लॉग(१ + क्ष) थेट देणारं लॉगवनपी. ही दोन चांगली असली तर सहाही हायपरबोलिक फंक्शन्स हा उरलेल्या दुपारचा उद्योग आहे. ही दोन कच्ची असली तर वर कितीही हुशारी करा, उपयोग नाही.

एक्स्पएमवन आणि लॉगवनपी नसतील तर

सी भाषेत साइनएच, कॉसएच, टॅनएच १९८९ च्या मानकापासून आहेत. एक्स्पएमवन, लॉगवनपी आणि तिन्ही व्यस्त फंक्शन्स सी-९९ मध्ये आली. तुमच्या प्लॅटफॉर्मवर ती असतील तर तीच वापरा. नसतील तर संगणकीय अंकगणितातले तज्ज्ञ विल्यम कहान यांची युक्ती आहे, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते:

उ = एक्स्प(क्ष)
उ = १ असेल तर उत्तर क्ष
उ − १ = −१ असेल तर उत्तर −१
नाहीतर उत्तर (उ − १) × क्ष / लॉग(उ)

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा चक्क वेडेपणा वाटतो. जी वजाबाकी टाळायची, तीच इथे उघडपणे केली आहे! पण नीट बघा. उ मध्ये चूक आहे, मान्य. लॉगलाही तोच चुकीचा उ मिळतो. १०^(−१०) साठी वर १.०००००००८२७ × १०^(−१०) येतं आणि खाली लॉगमधूनही १.०००००००८२७ × १०^(−१०)च येतं. भागाकार १, गुणिले क्ष, उत्तर चोख. (उ − १)/लॉग(उ) हे गुणोत्तर उ = १ च्या आसपास इतकं हळू बदलतं की उ थोडा इकडेतिकडे सरकला तरी त्याला पत्ता लागत नाही.

दोन पथ्यं पाळा. लॉग फंक्शन १ च्या जवळ भरवशाचं हवं, नाहीतर सगळा डोलारा कोसळतो. आणि क्ष मोठा असताना उ अनंत होतो, तेव्हा अनंत भागिले अनंत होऊन नॅन ('ही संख्याच नाही' अशी खूण) बाहेर पडतो. उ अनंत असेल तर अनंतच परत करा, अशी एक ओळ आधी घाला. लॉगवनपीची युक्ती याच घराण्यातली: उ = १ + क्ष; उ = १ असेल तर उत्तर क्ष, नाहीतर लॉग(उ) × क्ष / (उ − १). इथेही क्ष अनंत असेल तर आधीच अडवा. वेग कमी मिळतो, पण आकडे बरोबर येतात. पुढे फुरसत मिळाली की बहुपदी वापरून वेगवान आवृत्ती लिहिता येईल.

साइनएच

साइनएच विषम फंक्शन आहे, म्हणजे साइनएच(−क्ष) = −साइनएच(क्ष), तेव्हा चिन्ह आधी बाजूला काढून ठेवायचं, अ = |क्ष| घेऊन सगळं गणित करायचं आणि शेवटी चिन्ह परत चिकटवायचं. चिन्ह काढताना "क्ष < ०" अशी तपासणी करू नका. उणे शून्य (डबलमध्ये शून्यालाही चिन्ह असतं) या तपासणीत सापडत नाही आणि साइनएच(−०) चं उत्तर −० यावं लागतं. चिन्हाचा बिट थेट उचलणारं कॉपीसाइन वापरा.

आता ट = एक्स्पएमवन(अ) घ्या. ई^अ − ई^(−अ) म्हणजे (ई^अ − १) + (१ − ई^(−अ)), म्हणजेच ट + ट/(ट + १). दोन्ही पदं धन, वजाबाकी गायब. त्यावरून चार पट्टे पडतात:

अ < २^(−२८): उत्तर अ
अ < १: उत्तर ०.५ × (२ × ट − ट × ट/(ट + १))
अ < २२: उत्तर ०.५ × (ट + ट/(ट + १))
त्यापुढे: उत्तर ०.५ × एक्स्प(अ)

हे पट्टे माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ मध्ये एफडीलिबएम ही लायब्ररी खुली केली, तिच्यातले आहेत. फ्रीबीएसडी ही संगणकप्रणाली, मसल ही सी लायब्ररी, जावाचं स्ट्रिक्टमॅथ, सगळ्यांच्या मुळाशी तीच आहे. नवीन काही लिहिण्याआधी तिचा कोड शांतपणे वाचावा. टिप्पण्या मोजक्या पण कामाच्या आहेत.

तरी सीमा कुठून आल्या हे स्वतः काढून बघावं. साइनएच म्हणजे क्ष + क्ष³/६ + …. दुसऱ्या पदाचं पहिल्याशी प्रमाण क्ष²/६. ते २^(−५४) च्या खाली गेलं की डबलला ते दिसतच नाही, आणि हे क्ष साधारण १.८ × १०^(−८) असताना होतं. २^(−२८) म्हणजे ३.७ × १०^(−९), बऱ्यापैकी आत. वरच्या टोकाला ई^(−अ) चं ई^अ शी प्रमाण ई^(−२अ); अ = २२ असताना ते ई^(−४४), म्हणजे ८ × १०^(−२०) च्याही खाली. तिथे दुसरं पद फेकून दिलं तरी बिट हलत नाही.

दुसरा आणि तिसरा पट्टा बीजगणिताने एकच आहेत, मग वेगळे का? ट लहान असताना ट/(ट + १) हे पद ट एवढंच मोठं असतं, म्हणजे भागाकारातली राउंडिंगची चूक जवळपास निम्म्या वजनाने उत्तरात उतरते. २ × ट मात्र अगदी अचूक निघतो, कारण दोनाने गुणताना काहीच हरवत नाही, आणि ट²/(ट + १) ही त्याच्यावरची छोटी दुरुस्ती राहते. छोट्या पदातली चूक छोटीच राहते. उत्तर तेच, पण शेवटच्या बिटात फरक पडतो.

७०९.७८ च्या पुढचा प्रदेश

एक्स्प(अ) ला ७०९.७८२७ नंतर ओव्हरफ्लो होतो, म्हणजे उत्तर डबलमध्ये मावत नाही. साइनएचला मात्र ७१०.४७५८ पर्यंत मुभा आहे, कारण त्याला दोनाने भागायचं असतं. मधली फट ०.६९, म्हणजे लॉग(२). "एवढ्या टोकाला कोण जातं?" म्हणून ही फट सोडून देणारे लोक आहेत. माझ्या लेखी ते काम अर्धवट सोडणं आहे. मानक लायब्ररीत उत्तर मावत असेल तर ते दिलंच पाहिजे.

जुना उपाय असा: व = एक्स्प(अ/२), उत्तर (०.५ × व) × व. चालतो, पण व मधली सापेक्ष चूक वर्ग करताना दुप्पट होते. मसलमधला उपाय जास्त देखणा आहे. अ मधून २०४३ × लॉग(२), म्हणजे १४१६.०९९६८९८८…, वजा करायचं, त्याचा एक्स्प घ्यायचा आणि २^१०२१ ने दोनदा गुणायचं. २०४३ ऐवजी २०४२ वेळा दोनाने गुणलं गेलं, म्हणून दोनाने भागण्याचं कामही त्यातच उरकलं.

इथे थोडं थांबा. अ सातशेनऊ-सातशेदहाच्या घरात आहे आणि वजा करायची संख्या १४१६. दोन संख्यांपैकी एक दुसरीच्या निम्मी ते दुप्पट या टप्प्यात असेल तर त्यांची वजाबाकी डबलमध्ये तंतोतंत निघते, राउंडिंग होतच नाही. १४१६ चे निम्मे ७०८. म्हणजे ही वजाबाकी चोख. उरली चूक फक्त २०४३ × लॉग(२) डबलमध्ये लिहिण्यातली, आणि २०४३ हा आकडा निवडलाच आहे तो ही चूक नगण्य राहावी म्हणून. शिवाय उरलेला घातांक −७०६ च्या आसपास असतो, म्हणजे एक्स्पचं उत्तर सबनॉर्मल (इतकं लहान की त्याचे अचूक बिट कमी होतात) होण्याइतकं बारीकही होत नाही. दोन ओळींचा कोड, पण लिहिणाऱ्याने चारही बाजू बघितल्या आहेत.

दोन गुणाकार वेगवेगळे करा बरं. २^२०४२ ही संख्या डबलमध्ये मावत नाही.

कॉसएच

इथे बेरीज आहे, तेव्हा डोकेदुखी कमी. अ लहान असेल, ०.३४६६ (लॉग(२) चा निम्मा) पेक्षा कमी, तर ट = एक्स्पएमवन(अ) घेऊन १ + ट × ट/(२ × (१ + ट)). त्यापुढे २२ पर्यंत ट = एक्स्प(अ), उत्तर ०.५ × ट + ०.५/ट. एक्स्प दोनदा बोलावू नका, व्यस्त घेतला की झालं. २२ नंतर साइनएचचाच रस्ता, ७०९ पुढची युक्तीसुद्धा तीच.

टॅनएच

तक्रारी सगळ्यांत जास्त याच्याच येतात, कारण न्यूरल नेटवर्कवाले याला दिवसभर राबवतात. ठरलेली तक्रार: नेटवर्कची शिकवणी (ट्रेनिंग) मजेत चालली होती, मध्येच सगळे आकडे नॅन झाले. कोड उघडला की आत हमखास साइनएच भागिले कॉसएच सापडतं. क्ष = १००० दिला की वर अनंत, खाली अनंत, भागाकार नॅन. खरं उत्तर १, शेंबड्या पोरालाही सांगता येईल असं.

अ < २^(−२८): उत्तर अ
अ < १: ट = एक्स्पएमवन(−२ × अ), उत्तर −ट/(ट + २)
अ < २२: ट = एक्स्पएमवन(२ × अ), उत्तर १ − २/(ट + २)
त्यापुढे: उत्तर १

मधले दोन पट्टे एकमेकांच्या जागी घालू नका. १ − २/(ट + २) लहान अ साठी वापरलं तर १ मधून जवळपास १ वजा होतो आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात जाऊन पोचतो. मोठ्या अ साठी मात्र २/(ट + २) ही १ वरची बारीक दुरुस्ती असते, म्हणून ते तिथे उत्तम. खरं तर टॅनएच १९.०६ नंतरच १ ला चिकटतो. २२ ही सुरक्षित सीमा. वेगासाठी ती खाली आणायची असेल तर १९.०७ च्या खाली नेऊ नका.

व्यस्त फंक्शन्स

एसाइनएचचं पाठ्यपुस्तकी सूत्र लॉग(क्ष + √(क्ष² + १)). त्यात क्ष = −१०^८ घाला. क्ष² + १ म्हणजे १०^१६ + १. या उंचीवर शेजारी संख्यांमधलं अंतर २ असतं, तो बिचारा १ विरून जातो. वर्गमूळ १०^८, त्यात −१०^८ मिळवले की शून्य, लॉग(०) म्हणजे उणे अनंत. खरं उत्तर −१९.११३८. दुसऱ्या टोकाला क्ष = १०^२०० घेतला की वर्ग करतानाच ओव्हरफ्लो, आणि खरं उत्तर जेमतेम ४६१.२१.

उपाय तोच: चिन्ह बाजूला, मग

अ < २^(−२८): उत्तर अ
अ ≤ २: लॉगवनपी(अ + अ²/(१ + √(१ + अ²)))
अ ≤ २^२८: लॉग(२ × अ + १/(√(अ² + १) + अ))
त्यापुढे: लॉग(अ) + लॉग(२)

एकॉसएचची हद्द १ पासून सुरू होते. १ पेक्षा कमी दिलं तर नॅन आणि इनव्हॅलिड फ्लॅग (चुकीच्या इनपुटची खूण). १ ते २ मध्ये ट = क्ष − १ घ्या, ही वजाबाकी तंतोतंत असते; उत्तर लॉगवनपी(ट + √(२ × ट + ट²)). २ च्या पुढे लॉग(२ × क्ष − १/(क्ष + √(क्ष² − १))), २^२८ च्या पुढे लॉग(क्ष) + लॉग(२). एक गोष्ट वापरणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. एकॉसएच(१) शून्य असतो, आणि १ च्या लगतच्या पुढच्या डबलवर तो एकदम २.१ × १०^(−८) होतो. मध्ये काही नाही. हा दोष तुमच्या कोडचा नाही, फंक्शनचा आलेख तिथे उभाच आहे.

एटॅनएचसाठी अ < ०.५ असताना ०.५ × लॉगवनपी(२ × अ + २ × अ × अ/(१ − अ)), त्यापुढे ०.५ × लॉगवनपी(२ × अ/(१ − अ)). ±१ ला ±अनंत आणि शून्याने भागल्याचा फ्लॅग, त्याबाहेर नॅन. गंमत म्हणजे १ च्या लगेच खालच्या डबलला एटॅनएच १८.७१५ येतो, त्याहून मोठं सांत उत्तर नाहीच.

तपासणी

कॉसएच² − साइनएच² = १ या नित्यसमीकरणाने तपासणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून हे करू नका. क्ष = २० ला कॉसएच² सुमारे ५.९ × १०^१६ असतो आणि तिथे शेजारी डबलमधलं अंतर ८ आहे. दोन्ही फंक्शन्स निर्दोष असली तरी उत्तर शून्य येऊ शकतं किंवा आठ. आणि दोन्ही सारखीच चुकली तर समीकरण बिनतक्रार पासही होईल.

योग्य रस्ता म्हणजे हव्या तितक्या बिटांत गणित करणाऱ्या एमपीएफआरसारख्या लायब्ररीकडून दोनशे बिटांत उत्तर काढायचं आणि आपलं उत्तर शेवटच्या बिटाच्या किती पट हुकतं ते मोजायचं, म्हणजे यूएलपीमध्ये. वरच्या पद्धतीने लिहिलेल्या कोडमध्ये ही चूक दोनच्या आसपास राहायला हवी. पाच-दहा दिसली तर एखाद्या पट्ट्याची सीमा चुकली आहे, किंवा एक्स्पएमवन कच्चं आहे. नुसत्या यादृच्छिक संख्यांवर विसंबू नका. प्रत्येक सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या शंभरेक शेजारी संख्या मुद्दाम तपासा. तिथे फंक्शन एका सूत्रावरून दुसऱ्यावर उडी मारतं, आणि वाढत्या क्ष ला उत्तर क्षणभर कमी होण्याचा धोका तिथेच असतो. सोबत ±०, ±अनंत, नॅन, सबनॉर्मल ही नेहमीची मंडळी.

कंपायलरवर नजर ठेवा. चाचणीत साइनएच(०.५) असा ठरलेला आकडा लिहिला तर जीसीसी हा कंपायलर तो कंपाइल करतानाच स्वतः काढून टाकतो, ४.३ आवृत्तीपासून त्यासाठी एमपीएफआरच वापरतो. म्हणजे तुमचं फंक्शन बोलावलंच जात नाही आणि चाचणी झोकात पास होते. आकडा व्होलाटाइल चलातून (ज्याची किंमत कंपायलरला गृहीत धरता येत नाही अशा) द्या. आणि लायब्ररी फास्ट-मॅथ पर्यायाने कधीही कंपाइल करू नका. कहान यांच्या युक्तीतल्या पायऱ्यांची फेरमांडणी करायची मुभा त्याने कंपायलरला मिळते, आणि नॅन-अनंताच्या तपासण्या निरर्थक समजून उडवल्या जातात.

३२ बिटांच्या फ्लोट आवृत्तीला वेगळं डोकं लढवायची सहसा गरज नाही. डबलचा हार्डवेअर असेल तर डबलमध्ये काढा आणि फ्लोटमध्ये राउंड करा. क्वचित एखाद्या ठिकाणी दुहेरी राउंडिंगमुळे शेवटचा बिट हुकेल, बाकी सगळं बरोबर. तोही हुकायला नको असेल तर कोअर-मॅथ प्रकल्पाचा कोड बघा, त्यांची फ्लोट फंक्शन्स प्रत्येक इनपुटला अचूक राउंड होतात. आणि फ्लोटची तपासणी नमुन्यावर कशाला करायची? सगळे मिळून ४,२९,४९,६७,२९६ बिट-नमुने आहेत. साध्या लॅपटॉपलाही ते सगळेच्या सगळे पेलतात. चाचणी लावा आणि दुसऱ्या कामाला लागा.